केटलमधलं मीठ

हॉलिस ब्रँडव्होल्डने सख्ख्या भावाला डोंगरात मारला, अर्धा गावात आणून पुरला, उरलेला अर्धा वर केटल नावाच्या खळग्यात मिठात घालून ठेवला आणि दर जुलैत तो ते मीठ बदलायला जातो, अशी कुजबूज आमच्या गावात अठ्ठेचाळीस वर्षं चालू होती. तिच्यातला मिठाचा भाग माझा, तो मी नाकारत नाही. बाकीचं गावाने घातलं. चांगली अफवा एकट्याच्याने होत नाही. एकाने पीठ मळावं, दुसऱ्याने लाटावं, भाजायला मग अख्खा बार बसलेलाच असतो.

मी नालबंद. ब्रँडव्होल्डांच्या खेचरांना नाल ठोकणं हे माझं काम. खेचराचा पाय मांडीवर घेतला की त्याचा धनी आपोआप बोलायला लागतो, हा माझा जन्माचा अनुभव. हॉलिस तेवढा बोलायचा नाही. त्याचा धाकटा भाऊ लाइल दोघांच्या वाटचं बोलून घ्यायचा.

दोघे भाऊ बाहेरगावच्या शिकाऱ्यांना डोंगरात न्यायचे. तंबू, चूल, बीन्स, बेकन, सगळं खेचरांवर लादून बावीस मैल आत, एल्क मारायला. एल्क म्हणजे सांबराचा दांडगा चुलतभाऊ. चार तुकडे केल्याशिवाय तो खेचरावर चढत नाही. त्यांच्या बापाची पद्धत सोपी होती: जुलैत डोंगरात जाऊन ठरावीक जागी मिठाच्या गोणी फोडायच्या. एल्कला मिठाची चटक लागते. मीठ विरघळून गेलं तरी ती जागा चाटत राहतात, मातीसुद्धा खातात. ऑक्टोबरात शिकाऱ्याला वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवायचं, तंबाखू चघळायला द्यायची आणि वाट बघायची. हॉलिस बापाचाच शिष्य.

लाइल नव्या मताचा. त्याने तांब्याच्या नळीची एक शिटी केली होती. ती ओठाला लावून तो असा पुकारायचा की माजावर आलेले नर दोन डोंगर ओलांडून त्याच्याशी मारामारी करायला यायचे. शिकारी खूश. बारमध्ये लाइलच्या नावाने पेले उंचावले जायचे आणि हॉलिस कोपऱ्यात आपला पेला दोन्ही हातांत धरून बसायचा.

"हॉलिस, तू शिकारी नाहीस रे, वाणी आहेस," लाइल त्याला सगळ्यांसमोर म्हणायचा. "दुकान मांडून बसतोस. गिऱ्हाईक आलं तर आलं."

"येतं की नाही?"

"येतं ना. पण मिठासाठी येतं. तुझ्यासाठी कोण येणार?"

आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

त्या वर्षी वसंतात फतवा निघाला की जंगलात मीठ टाकलेलं सापडलं तर परवाना कायमचा जाईल. लाइलने सगळ्या बारला पाजली. हॉलिस म्हणाला, ठीक आहे, नाही टाकणार. आणि ऑक्टोबरात, गिऱ्हाइकं यायच्या आधी दोघेच डोंगरात निघणार त्याच्या आदल्या दिवशी, मी खेचराच्या मागच्या पायाशी वाकलेलो असताना तो भावाला म्हणाला, "या वेळी केटलमध्ये जाऊन बस. एल्क तिथेच येणार. मला आतून वाटतंय."

केटल म्हणजे वरची एक खोलगट जागा. तीन बाजूंनी कडे, मधे गवत, कडेने वाळुंजाच्या झुडपांची दाट जाळी.

"आतून?" लाइल म्हणाला. "तुझ्या आतून बीन्स सोडून कधी काही बोललंय का?"

पण गेला. वाणी भावाचं भाकीत खोटं पाडायला गेला असणार. सहाव्या दिवशी हॉलिस एकटा खाली आला, आणि एका खेचरावर ताडपत्रीत बांधलेला लाइल. ओल्डर ओढ्याच्या उतारावर अस्वलाने धरला, असं त्याने सांगितलं. ग्रिझली. ते खरं दिसत होतं. शवपेटी उघडी ठेवली नाही, यावरून समजा. लाइलला खेचरावरून उतरवायला मी एक बाजू धरली होती. हात पांढरे झाले. सवयीने मी बोट जिभेला लावलं.

मीठ.

हे मी फक्त एकाला सांगितलं. तो एक कोण ते महत्त्वाचं नाही, कारण आठ दिवसांत तो म्हणजे गाव झाला होता.

तरीही ही गोष्ट विझली असती. पण पुढच्या शरदात कुणा शिकाऱ्याला लाइलची टोपी सापडली. आमच्याकडे एक रीत आहे. जिथून गोळी झाडली तिथे टोपी ठेवायची आणि मग जनावराकडे जायचं. शंभर पावलं गेलात की सगळी झुडपं एकसारखी दिसतात, मागे वळून टोपी दिसली म्हणजे दिशा चुकत नाही. जोडीदार असला तर तो टोपीपाशी उभा राहतो आणि स्वतःची टोपी हलवून वाट दाखवतो. डावीकडे, उजवीकडे, आणि डोक्यावर गोल फिरवली तर परत फीर.

लाइलची टोपी केटलच्या कड्यावर होती, नीट, वर दगड ठेवलेला. ओल्डर ओढा तिथून दोन मैल खाली. माणूस टोपी ठेवून दोन मैल कुठे जातो? गावाला एवढं पुरे होतं. त्यात दोन वर्षांनी हॉलिसने लाइलच्या बायकोशी, डेल्माशी, लग्न केलं. मग तर बारमध्ये बसायला जागा मिळेना.

डेल्माची मुलगी अर्डिस तेव्हा पाच वर्षांची. ती हॉलिसला पॉप म्हणायला लागली आणि तो तिला डोक्यावर घेऊन फिरायला लागला. गावाने एवढं मऊ वागताना त्याला दुसऱ्या कुणाशी पाहिलं नाही, खेचरांशीसुद्धा नाही. आणि दर जुलैत तो एक खेचर, दोन रिकाम्या पेट्या आणि एक फावडं घेऊन एकटाच वर जायचा. परत यायचा तेव्हाही पेट्या रिकाम्याच.

"कुठे रे निघालास?" मी विचारायचो.

"वाट दुरुस्त करायला."

"फावड्याने?"

"तुझ्या तोंडाने झाली असती तर तुलाच नेला असता, एल्डन."

वर्षं गेली तशी शिकार बदलली. तांब्याच्या नळीच्या जागी बागेतल्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा आला, मग तोंडात ठेवायची रबराची चकती. मग तिकाटण्यावरच्या दुर्बिणी. शेवटी अशा बंदुका आल्या की यंत्रात अंतर बघा, बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती तेवढी फिरवा आणि दरीपलीकडचा एल्क पाडा. तो बिचारा कोण मारतंय हे बघायलाही वर मान करत नाही.

याबरोबर अस्वलंही बदलली, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. माझ्या तरुणपणी बंदूक वाजली की अस्वल डोंगर ओलांडून पळायचं. पण एल्क मारला की आतडी तिथेच टाकतात, कातडं टाकतात, आणि हे त्यांनी हेरलं. हळूहळू बंदुकीचा बार म्हणजे त्यांना पंगतीचं बोलावणं झालं. आया पिल्लांना घेऊन यायला लागल्या. पिल्लं मोठी होऊन आपली पिल्लं घेऊन आली. हॉलिसने यावर नियम केले होते: दोनशे पावलांच्या आत मारायचं, अर्ध्या तासात सोलायचं, मांस लांब नेऊन टांगायचं, आतड्यांकडे परत फिरकायचं नाही. आणि केटलमध्ये पाऊल टाकायचं नाही. शेवटच्या नियमाचं कारण तो सांगायचा नाही.

डेल्मा गेली त्यानंतर धंदा अर्डिसने हातात घेतला. बापासारखी तोंडाळ. सख्ख्या बापासारखी म्हणतो मी. मी तोवर पाठीमुळे नाल सोडून तंबूत स्वयंपाकाला लागलो होतो, त्यामुळे दोघांची भांडणं मला आयती ऐकायला मिळायची.

"पॉप, आता गिऱ्हाइकांना चालायचं नसतं. त्यांना लांबून मारायचं असतं. आकडा सांगायचा असतो घरी जाऊन."

"गोळी सातशे यार्ड जाते एका श्वासात," हॉलिस म्हणायचा. "तू दरी उतरून चढून पोचतेस दीड तासाने. मधल्या वेळात तिथे कोण पोचतं?"

"म्हणून तर तुला वॉकीटॉकी दिलाय. तो चालू ठेव आधी."

ती रोज सकाळी त्याच्या वॉकीटॉकीत स्वतः नवी बॅटरी घालायची आणि शर्टाच्या खिशात ठेवायची. तंबूबाहेर पडला की तो बंद करायचा. तीन वर्षं असं चाललं होतं.

मग त्या ऑक्टोबरात एक दिवस दुपारी मी कांदे चिरत होतो, हॉलिस कॉफी पीत होता, आणि अर्डिस आत आली. तिच्या हातात तळहाताएवढा पडदा होता.

"बस, पॉप. तुला चित्रं दाखवते. जूनमध्ये केटलमध्ये झाडाला कॅमेरा बांधला होता."

हॉलिसने कप खाली ठेवला. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. तुला दाखवायचंच होतं एकदा, की एल्कच्या मनातलं तुलाच कळतं असं नाही."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. समोरून चालणाऱ्या जनावराचा फोटो आपोआप काढणारे ते कॅमेरे, वेळेसकट. पहिल्या चित्रात सहा माद्या. दुसऱ्यात अकरा. एक नर, शिंगं बघून माझ्या हातातली सुरी थांबली. सगळ्यांची तोंडं जमिनीत, एकाच खड्ड्यात. खड्डा खोलीएवढा रुंद, गवताचं पातं नाही.

मग अकरा जुलै, सकाळी सहा दहा. खड्ड्यात कमरेपर्यंत उभा हॉलिस, हातात फावडं. सहा पंचेचाळीस, खड्डा मोकळा. सहा एक्कावन्न, अस्वल. त्याच जागी, तसंच कमरेपर्यंत, जीभ मातीला. नऊ वीस, पुन्हा हॉलिस.

"सहा मिनिटं, पॉप," अर्डिस म्हणाली. "तू पाठ फिरवलीस आणि सहा मिनिटांनी."

त्याने तो पडदा बराच वेळ डोळ्यांशी धरला. "मादी आहे," तो म्हणाला. "हिच्या आजीला मी ओळखायचो."

मी हसलो. मी एकटाच हसलो.

"काय उकरतोस तिथे?"

"माती."

"कुणाची?" अर्डिस त्याच्यासमोर बाकावर बसली. "गावात काय बोलतात ते मी पहिलीत असताना ऐकलं. त्यावरून एका पोराचा दात पाडला होता मी. तुला कधी विचारलं नाही. आता विचारते. माझा बाप त्या खड्ड्यात आहे का?"

"तुझा बाप चर्चमागे आहे."

"अख्खा?"

त्याने कॉफी संपवली. "केटलमध्ये जाऊ नकोस."

"कारण सांग. नाही जाणार."

"जाऊ नकोस, एवढंच."

"मग उद्या सकाळी डॉक्टरांना घेऊन जाते." डॉक्टर म्हणजे त्या आठवड्याचं गिऱ्हाईक, ओहायोचा दातांचा डॉक्टर प्रेंटिस. घोड्यावरून उतरताना आभार मानणारा गृहस्थ.

त्या क्षणी मला कळलं की माझी अफवा आता बारमधली राहिली नाही. हॉलिसकडे जे काही सांगण्यासारखं होतं ते सांगितलं तर पोरगी त्याच्यापासून जाणार. नाही सांगितलं तर केटलमध्ये जाणार. तो कप हातात फिरवत बसला आणि त्याने न सांगण्याचं ठरवलं.

सकाळी तो न बोलावता आमच्यासोबत आला. मी मागून मांस लादायला खेचरं घेऊन. केटलसमोरच्या धारेवर आम्ही पोचलो तेव्हा ऊन कड्यावर होतं, खाली खोलात अजून निळी सावली. आणि तो नर खड्ड्याच्या काठावर उभा. अर्डिसने अंतर वाचलं, डॉक्टरने चकती फिरवली, बार झाला. नर गुडघ्यांवर बसला आणि कुशीवर पडला. बार तीन कड्यांवर आपटून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. मला तो आवाज संपू नये असं वाटत होतं, कारण त्यानंतर फार शांत झालं.

"डॉक्टर, तुम्ही इथेच थांबा, टोपी काढून ठेवा," अर्डिस म्हणाली. "पॉप, खूण करशील की टोपीसुद्धा बंद ठेवणार आहेस?"

ती उतरली. हॉलिसने दुर्बीण डोळ्याला लावली. त्याने ना तिच्याकडे पाहिलं, ना एल्ककडे. तो वरच्या काळ्या झाडीकडे पाहत राहिला. अर्धा तास. पाऊण. कावळे आले, बसले, आणि एकदम उठले.

झाडीतून ते बाहेर आलं. धावत नव्हतं. ठरलेल्या वेळी जेवायला निघालेल्या माणसासारखं चालत खाली आलं. एल्कला हुंगलं, पंजाने त्याच्यावर माती लोटली, पुन्हा लोटली, आणि मग वीस पावलांवरच्या वाळुंजांच्या जाळीत जाऊन आडवं झालं. पानं हलायची थांबली. तिथे काही आहे हे आम्ही पाहिलं नसतं तर शपथेवर सांगितलं असतं की काही नाही.

अर्डिस दरीच्या तळातून वर चढायला लागली होती. तिची वाट त्याच जाळीतून जात होती.

हॉलिसने टोपी डोक्यावर गोल फिरवली. एकदा, दोनदा, दहादा. ती थांबली, दुर्बिणीतून आमच्याकडे पाहिलं, हाताने झटकलं आणि पुढे चालू लागली.

"तिला वाटतंय तू आडवा येतोयस," मी म्हणालो.

"मी मारू का त्याला?" डॉक्टरने विचारलं.

"बंदूक खाली ठेव," हॉलिस म्हणाला. "हात बघ तुझे."

मग त्याने खिशातून वॉकीटॉकी काढला. बटण कुठलं ते मला दाखवावं लागलं.

"अर्डिस."

खरखर झाली. "अरे वा. तीन वर्षांनी. टोपी खाली घाल, पॉप, मी परत फिरणार नाही."

"पुढच्या वाळुंजांत अस्वल आहे. पडून आहे."

"मला काही दिसत नाही. आणि मला आज फिरवायला तू काहीही सांगशील, हे मला माहीत आहे."

"खरं सांगतोय."

"कशावरून? पन्नास वर्षांत एक गोष्ट खरी सांगितली आहेस का मला?"

ती चालतच होती. जाळीपासून दोनशे पावलं. दीडशे. हॉलिसचा अंगठा बटणावर होता. मी त्याच्या कोपराला हात लावला.

"लाइललाही दिसलं नव्हतं," तो म्हणाला. "तो खड्डा मिठाचा आहे. मीठ मी टाकलं होतं. त्याला सांगितलं नव्हतं, आणि तिथे मीच पाठवला. तुझा बाप त्याच जाळीपुढे गेला, अर्डिस. ओढ्यावर नाही."

खाली अर्डिसचा ठिपका थांबला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तो मागे सरकायला लागला, पाठ न फिरवता, एकेक पाऊल. जाळीतून अस्वल उठलं, मागच्या पायांवर उभं राहिलं, नाक तिच्याकडे. ती सरकत राहिली. ते उभंच राहिलं, ती दरीत दिसेनाशी होईपर्यंत. मग एल्ककडे वळलं.

दुपारी ती वर आली. डॉक्टरची टोपी उचलून त्याच्या हातात दिली. हॉलिसच्या बाजूने गेली, जवळून, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. "एल्डन, खेचरं फिरव," एवढं मला म्हणाली. एल्क अस्वलाला सोडून आम्ही बावीस मैल खाली आलो. डॉक्टर दर नाताळला कार्ड पाठवतो आणि त्याचं अस्वल दर वर्षी वीतभर वाढतं.

त्या दिवसानंतर तिने हॉलिसला पॉप म्हटलं नाही. नुसतं हॉलिस म्हणायची, गावातल्या कुणालाही म्हणावं तसं. कॅमेरे तिने सगळे उतरवले. लांबून मारणंही बंद केलं, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं गेली. वसंतात एकदा हॉलिस एक खेचर घेऊन माझ्याकडे आला. पाठ दुखत असूनही मी पाय मांडीवर घेतला, आणि तो बोलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जुलैत अर्डिस दोन खेचरं घेऊन आली.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"दोन फावडी आहेत."

दोघे पहाटे गेले, ती पुढे, तो मागे. तसे अजून दोन जुलै गेले. मग मार्चमध्ये हॉलिस झोपेत गेला. आता ती एकटी जाते, सोबत बंदूक घेते, आणि मी बारमध्ये जे खरं ते सांगत बसतो. त्याला फारसं गिऱ्हाईक नाही.

हॉलिसने भावाला मारलं नाही. लाइल गेला त्या वर्षीच्या जुलैत त्याने बंदी असताना पन्नास पौंडांच्या आठ गोणी मीठ केटलमध्ये टाकलं आणि लाइलपासून लपवलं. लाइलने तिथे एल्क मारला, तो सोलत असताना अस्वलाने त्याला मारलं. चौकशीला माणसं केटलमध्ये आली तर मीठ सापडून परवाना जाईल म्हणून हॉलिसने प्रेत मिठाच्याच ताडपत्रीत गुंडाळून दोन मैल खाली ओढ्यावर नेलं, आणि टोपी तिथेच विसरला. पुढे दर जुलैत तो ती खारी माती उकरून ओढ्यात टाकत होता. ती अजून संपलेली नाही.